सहावं मंगलाष्टक

आमच्या गावात कुणी दुकानात पिशवी विसरलं, किंवा डेअरीवर किटली ठेवून तसंच घरी आलं, की लोक म्हणतात, "उपाध्या झालास काय रं?" हा विनोद मूळचा माझा. सहा वर्षांपूर्वी पारावर बसून मी तो पहिल्यांदा केला, चारजण हसले, आणि गावाने तो उचलला. पस्तीस वर्षं मास्तरकी करून मी पोरांकडून शेकड्याने म्हणी पाठ करून घेतल्या. त्यातली एकही कुणाच्या तोंडात राहिली नाही, राहिला तो हा फाजीलपणा. आता तो परत घेता येत नाही म्हणून निदान ज्या माणसावर तो केला, त्याच्याविषयी नीट लिहावं म्हणतो.

भूपाल उपाध्ये. गाव त्यांना आण्णा म्हणतं. उपाध्ये म्हणजे आमच्याकडच्या जैन बस्तीतले, म्हणजे मंदिरातले, पुजारी. पहाटेचा अभिषेक त्यांचा, आणि समाजातली लग्नंही तेच लावणार. सांगलीपासून सतरा किलोमीटरवर कृष्णाकाठी आमचं गाव, पण आण्णांना बोलावणी मिरजेपासून पार शिरोळपर्यंतची. अंगाने काटकुळे, बोलणं मोजकं. घरात त्रिशलाकाकूच बोलायच्या आणि आण्णा हुंकार द्यायचे. पण मांडवात उभे राहिले की आवाज असा लागायचा, की लाऊडस्पीकरची वायर निसटली तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला अक्षता कधी टाकायच्या ते बरोबर कळे. पुस्तक पिशवीत असे, पण ते उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. अकराशेच्या वर लग्नं या माणसाने पाठांतरावर लावली.

आणि हाच माणूस २०१९च्या फेब्रुवारीत, भर मांडवात, पाच मंगलाष्टकं म्हणून सहाव्याला विसरला.

आमच्या भागात एक पद्धत आहे, ती आधी सांगायला हवी. साखरपुड्याला दोन्हीकडचे पाहुणे जमतात, आचारी आलेला असतो, मांडव असतो. मग कुणीतरी वडीलधारा म्हणतो की सगळं जमलंच आहे तर दोनदा खर्च कशाला, आजच उरकून टाकू. बघता बघता मुंडावळ्या येतात, मामाला शोधून आणतात, आणि साखरपुड्यासाठी नटलेली मुलगी संध्याकाळी सासरी जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'खर्चाला फाटा, साखरपुड्यातच विवाह'. आमच्या गावाच्या अशा बातम्या मीच देतो. निवृत्तीनंतर सांगलीच्या एका पेपरचा वार्ताहर म्हणून नाव लावलंय. अशा चाळीसेक बातम्या मी दिल्या असतील. मुलीला विचारलं होतं का, हे त्यातल्या एकीतही नव्हतं. मला कधी सुचलंच नाही.

त्या दिवशी साखरपुडा होता पायगोंडा पाटलांच्या स्वप्नालीचा. पायगोंडा आप्पा म्हणजे द्राक्षबागायतदार, बस्तीचे विश्वस्त, दिल्या शब्दाला जागणारा माणूस. पोरगी मिरजेत नर्सिंग शिकून तिथल्याच एका दवाखान्यात लागली होती. मुलाकडच्यांनी आजच लग्न उरकू म्हटलं आणि आप्पांनी होय म्हणून टाकलं. मुहूर्त निघाला बारा पस्तीसचा. मी सव्वाबाराला फोटो काढला. दोघं पाटावर उभी, कपाळाला मुंडावळ्या, हातात हार. लग्न आता कुठे पळून जातंय, असं म्हणत तिथूनच मोबाइलवर बातमी पाठवली आणि पहिल्या पंगतीत जागा धरायला गेलो. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, जेवणाच्या पाटावर ऐकलं.

ऐकलं ते असं. पाचवं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, आणि आण्णा थांबले. लोकांना वाटलं घसा सुकला. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. आण्णांनी तो घेतला नाही. हात जोडून म्हणाले की मला पुढचं आठवत नाही, मुहूर्त मोडला, आता हे लग्न आज व्हायचं नाही. कुणी म्हणालं पुस्तक काढा, कुणी बायका म्हणाल्या आम्ही म्हणतो. आण्णा पाटाजवळून निघाले ते सरळ घरी गेले. उपाध्यानेच अपशकुन म्हटल्यावर पुढे रेटायची कुणाची छाती झाली नाही. आठ दिवसांत मुलाकडच्यांनी निरोप धाडला की आम्हाला ही सोयरीक नको. पुढच्या वैशाखात त्या मुलाचं दुसरीकडे लग्नही झालं.

इकडे माझी बातमी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोसकट छापून आली होती. मी खुलासा द्यायला निघालो तेव्हा आप्पाच म्हणाले की राहू दे, आणखी बोभाटा नको. मला ते सोयीचंच होतं. स्वतःची चूक छापायला कोणाला आवडतं?

शिक्षा झाली ती आण्णांना. बस्तीच्या विश्वस्तांनी, म्हणजे मुख्यतः आप्पांनी, लग्नांसाठी शेजारच्या गावचे उपाध्ये बोलवायला सुरुवात केली. आण्णांकडे पहाटेचा अभिषेक तेवढा राहिला. लग्नाचा मांडव रस्त्यात लागला तर ते मागल्या बोळाने घरी जात. वर माझा विनोद. आण्णांनी तो ऐकला असणार, सगळ्या गावाने ऐकला होता. माझ्याशी बोलताना त्यांनी कधी तसं दाखवलं नाही.

स्वप्नालीने कोरोनाचे दिवस मिरजेत दवाखान्यात काढले. नोकरी करत सांगलीत शिकवणी लावून जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि एक दिवस जर्मनीला निघून गेली. आप्पांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. आप्पांनी बोलणं सोडलं.

यंदा जानेवारीत तिचा मला फोन आला. शाळेत माझ्याच वर्गात होती, मला गुरुजी म्हणते. तिकडे वाईचा एक मुलगा आहे, मुकुल, कारखान्यात इंजिनियर. दोघांनी लग्न ठरवलंय आणि ते तिथल्याच सरकारी कार्यालयात नोंदवायचंय. मी म्हटलं, मग अडलंय कुठं? तेव्हा तिने सगळी जंत्री सांगितली. जन्माचा दाखला, तो भाषांतर करून, त्यावर शिक्क्यावर शिक्के. मी अविवाहित आहे, असं शपथेवरचं प्रतिज्ञापत्र. पण तिकडची माणसं आपल्या कागदावर भरवसा ठेवत नाहीत. सगळे कागद तपासायला परत भारतात पाठवतात. इथला एक वकील नेमतात, तो न सांगता गावात येतो, दारोदार विचारतो आणि अहवाल लिहितो. तो अहवाल एकदाच जातो.

"गुरुजी, ती बातमी अजून नेटवर हाय," ती म्हणाली. "माझं नाव टाकलं की पैली तीच येते. मी शपथेवर लिहून दिलंय की माझं लगीन झालेलं न्हाई. वकिलानं झालंय म्हणून लिहिलं तर माझी शपथ खोटी ठरंल. नोंदणी तर जाईलच, नर्सचं लायसनबी जाईल. हिकडचे म्हणतील आधी घटस्फोटाचा कागद आणा. न झालेल्या लग्नाचा घटस्फोट मी कुठनं आणू?"

ही माझी सव्वाबाराची बातमी. तिला म्हटलं, मी बघतो, आण्णांकडूनही लिहून घेऊ. त्यावर ती घाईने म्हणाली की आण्णांना काही विचारू नका, त्यांना माझ्यापायी आधीच लय त्रास झालाय. मला वाटलं, पोरीला म्हाताऱ्याची दया आली. मनातून बरंही वाटलं. आण्णांपुढे जायला मला तोंड नव्हतं.

पेपरच्या कचेरीत गेलो. तिथे आता सगळी नवी मंडळी. ते म्हणाले, मुलीच्या वडिलांचं लेखी आणा, मग नेटवरून बातमी काढू. आप्पांकडे गेलो. बागेत होते. मी बोललो तेवढं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेपरात आलंय ते खरं. तुमीच दिलंय." त्यात हे जातीबाहेरचं लग्न, तेही परदेशातल्या कचेरीत, बाप जिवंत असताना. तो राग त्यांच्या तोंडावर दिसत होता. मी आणखी एकदा गेलो तर भेटलेच नाहीत.

त्यानंतरचे वीसेक दिवस मी गावात शिरणारी प्रत्येक अनोळखी गाडी बघत होतो. खताचा एजंट आला तरी उठून दारात जायचो. काय बोलायचं याची मनात उजळणी करायचो, आणि बोलणं कुठूनही सुरू केलं तरी 'मी खोटी बातमी दिली' या वाक्यापाशी अडकायचं.

ती गाडी आली गुरुवारी, दुपारी एकच्या सुमाराला. साताऱ्याच्या वकीलबाई, मयूरी त्यांचं नाव, वय फार तर बत्तीस. माझ्या घरी येण्याआधी त्या गिरणीवर, डेअरीवर आणि एका किराणा दुकानात जाऊन आल्या होत्या. मला खुर्चीवर बसू देत त्यांनी आधी तेच सांगितलं. गिरणीतल्या बाईने सांगितलं होतं, झालंय की, साखरपुड्यातच. डेअरीवरचा म्हणाला अर्धं झालंय. दुकानदार म्हणाला आम्हाला त्यात घेऊ नका. आणि त्यांच्या फाइलीत माझी बातमी होती, फोटोसकट, खाली माझं नाव.

मी सगळं कबूल केलं. बातमी लग्नाआधी पाठवली, लग्न पूर्ण झालं नाही, चूक माझी. मला वाटलं होतं की एवढं बोललं की सुटलो. बाईंनी ते लिहून घेतलं आणि शांतपणे विचारलं की लग्न अर्धवट राहिलं तेव्हा मी कुठे होतो.

मी म्हटलं, पंगतीत.

"म्हणजे पूर्ण झालं हे तुम्ही पाहिलं नाही, आणि झालं नाही हेही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरने माझी अशी उलटतपासणी घेतली नव्हती.

मग त्यांनी आप्पांच्या घरी बैठक घेतली, आण्णांनाही तिथेच बोलावलं. आप्पा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. आण्णा आले ते धोतर-उपरण्यात, पाठोपाठ त्रिशलाकाकू. आण्णा आणि आप्पा सहा वर्षांनी एका छपराखाली बसत होते. बस्तीत दोघं रोज समोरासमोर यायचे, पण तिथे मध्ये देव असतो.

वकीलबाईंनी आधी आप्पांना विचारलं. आप्पांनी खाली बघत सांगितलं की त्या दिवशी काय झालं ते उपाध्यालाच विचारा, आणि तो विसरला असेल तर पेपर बघा. टोमणा मारून त्यांनी तोंड फिरवलं. लग्न झालं म्हणाले नाहीत, झालं नाही असंही म्हणाले नाहीत. बाईंनी तेवढंच लिहून घेतलं.

मग आण्णा. त्यांनी सांगितलं की पाच मंगलाष्टकं झाली, सहावं झालं नाही, हार घातले गेले नाहीत, सप्तपदी झाली नाही. का झाली नाही? मी विसरलो म्हणून. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आण्णा, माझ्या स्वतःच्या लग्नातली मंगलाष्टकं मला पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही अकराशे लग्नं लावली. पुस्तक तुमच्या पिशवीत होतं. मांडवातल्या निम्म्या बायका पुढचं म्हणायला तयार होत्या. तरी कुणीच पुढे म्हटलं नाही, आणि पाचशे माणसं जेवून घरी गेली. हे मला पटत नाही. वाचणाऱ्यालाही पटणार नाही. त्याला वाटेल की संध्याकाळी घरात बसून उरलेलं उरकलं आणि आता सगळे मिळून लपवताय. मी निकाल देत नाही, दिसतं ते लिहिते. आत्ता मला शंका दिसते, आणि मी शंका आहे असं लिहीन."

शंका आहे. एवढ्या दोन शब्दांवर तिकडे त्या पोरीचं सगळं संपणार होतं. मी आप्पांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. मला त्यांचा असा राग आला की वयाचा मुलाहिजा न ठेवता बोलावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने बोलणार? शंकेला जन्म मीच दिला होता. बाई फाइल बांधायला लागल्या.

आण्णा म्हणाले, "थांबा बाळ. मी इसरलो न्हवतो."

त्रिशलाकाकू दाराला धरून उभ्या होत्या, त्या खाली बसल्या.

"अंतरपाट धरला की नवरीचं तोंड नवऱ्याला दिसत न्हाई, मांडवाला दिसत न्हाई. मामा पाठीमागं असतोय. उपाध्याला तेवढं दिसतंय. पोरी रडत्यात. ते रडणं मला म्हाईत हाय, त्याला मी कवा थांबलो न्हाई. ही रडत न्हवती. हिच्या तोंडावर कायबी न्हवतं, मेलेल्या माणसासारखं. तिसऱ्याला मी तिच्याकडं बघितलं. चौथ्याला तिनं मान हलवली. मी तरी म्हणत गेलो. वाटलं, पोर हाय, घाबरलंय. पाचव्याला ती म्हणाली, आण्णा, थांबवा. स्पीकरच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं न्हाई."

बाईंनी विचारलं की मग तिथेच तसं का सांगितलं नाही. मुलीचा नकार आहे म्हटलं असतं तर प्रश्नच मिटला असता.

आण्णा म्हणाले, "तिनं आणखी एक सांगितलं हुतं. माझं नाव घेऊ नका, आप्पांची मान खाली जाईल. पाचशे माणसांत पोरीनं न्हाई म्हटलं असतं तर तिला त्या मांडवातनं चालत घरी जाता आलं नसतं, आन बापालाबी. म्हातारा इसरला तर लोक काय करत्यात, हसत्यात. हसू दे, म्हटलं."

मी मान खाली घातली. हसणाऱ्यांचा म्होरक्या तिथेच बसला होता.

बाईंनी विचारलं की हे आजवर कुणाला सांगितलं होतं का. आण्णांनी काकूंकडे बघितलं आणि नाही म्हणाले. ते सत्याचं व्रत घेतलेले. तरुणपणी एका मुनिमहाराजांसमोर घेतलेलं ते व्रत त्यांनी चाळीस वर्षं पाळलं आणि त्या एका दुपारी मोडलं. तेव्हापासून ते एकाशन करतात, म्हणजे दिवसातून एकदाच जेवतात. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "मी रोज इच्यारायची, कशापायी करताय. म्हणायचे, माझं पाप हाय. मला वाटायचं, इसरल्याचं वाईट वाटून घेतलंय." नवऱ्याने सहा वर्षं आपल्यालाही सांगितलं नाही, हे त्यांना लागलं होतं. ते त्या म्हणाल्या नाहीत, पण कळत होतं.

"तिला शब्द दिला हुता, सांगणार न्हाई म्हणून," आण्णा बाईंना म्हणाले. "आज तोबी मोडला. ल्ह्या तुमी."

बाईंनी सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, आण्णांची सही घेतली. मग कागद आप्पांसमोर धरला. म्हणाल्या, "उपाध्ये सांगतात ते एकट्याचं म्हणणं झालं. तुमच्याकडे त्या संध्याकाळी घरात काही विधी झाला का, मुलगी सासरी गेली का, हे तुम्हालाच माहीत. तुम्ही वडील आहात. तुमची सही असेल तर शंका राहत नाही."

आप्पांनी कागदाकडे बघितलंच नाही. ते आण्णांकडे बघत होते. चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "माझ्या मांडवात, माझ्याशी खोटं बोललास."

"व्हय," आण्णा म्हणाले.

"सहा वर्सं मी तुला बस्तीत बघतोय. दारात आलास तर तोंड फिरवतोय. तवा तरी बोलायचं हुतंस."

आप्पा उठले आणि आत गेले. आतलं दार लागल्याचा आवाज आला. आम्ही चौघं तसेच बसलो. मी घड्याळ बघितलं नाही, पण तो वेळ मला शाळेच्या एका तासाएवढा वाटला. शेवटी बाईंनी कागद फाइलीत घातला, पेनला टोपण लावलं, मला म्हणाल्या की त्यांना पाचच्या आत साताऱ्याच्या वाटेला लागायचंय. मी त्यांना चहाच्या निमित्ताने थांबवायला बघत होतो.

आतलं दार उघडलं. आप्पा बाहेर आले. चष्मा आणायला गेले होते.

त्यांनी कागद मागून घेतला, उभ्यानेच सगळा वाचला. एका ओळीवर बोट ठेवून आण्णांना विचारलं, "माझी मान म्हणाली? सोताचं कायबी न्हाई?"

"सोताचं एकच. थांबवा म्हणाली," आण्णा म्हणाले. "बाकी तुमचंच."

आप्पांनी सही केली. बाईंनी विचारण्याआधीच तोंडाने सांगितलं की मुलगी त्या रात्री याच घरात होती, दुसऱ्या दिवशी कामावर मिरजेला गेली, कुठलाही विधी घरात झालेला नाही, तेही लिहा. बाईंनी ते लिहिलं, पुन्हा सही घेतली. माझीही घेतली. पुढचं सांगून टाकतो. अहवाल गेला, महिन्याभराने तिकडच्या कार्यालयाने तारीख दिली, आणि स्वप्नाली-मुकुलचं लग्न तिथल्या रजिस्टरात नोंदलं गेलं. दोन साक्षीदार, दहा मिनिटं. तिथल्या अधिकाऱ्याने आधी तिला विचारलं, मग त्याला. दोघांनी हो म्हटल्यावरच सह्या झाल्या. मी त्याची चौकट-बातमी दिली आणि सहा वर्षांपूर्वीच्या बातमीचा खुलासाही. दोन्ही आतल्या पानावर, पण आल्या.

त्या गुरुवारी वकीलबाई गेल्या, आण्णा आणि काकू घरी जायला निघाले. आप्पा त्यांना पायरीपर्यंत सोडायला आले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. आप्पा एवढंच म्हणाले की उपाध्ये, आजपासून दोन वेळा जेवा. आण्णा म्हणाले, बघू.

मग आप्पा पायरीवरच बसले आणि मला म्हणाले, "पोरीचा नंबर माझ्याकडं न्हाई. लावून द्या, गुरुजी."

तिकडे सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. ती ड्युटीवर होती, तरी पहिल्याच रिंगला उचलला. माझा नंबर बघून तिने श्वास न घेता विचारलं, गुरुजी, वकील आला काय, काय लिहिलं? आप्पांना फोन कानाला लावायची सवय नाही, तोंडासमोर धरतात. म्हणून मी स्पीकर लावून दिला होता.

"पायगोंडा बोलतोय," ते म्हणाले. पोटच्या पोरीला त्यांनी नाव सांगितलं.

पलीकडे ती कुणाशी तरी दोन शब्द जर्मनमध्ये बोलून बाजूला गेली.

"सही केली. लगीन झालं न्हवतं, असं लिहून दिलं. काळजी करू नगंस."

ती रडत होती. दवाखान्यात असल्यामुळे आवाज दाबून रडत होती. आप्पांनी तिला थोडा वेळ रडू दिलं. मग त्यांना राहवेना. म्हणाले, "आण्णानं सगळं सांगितलं. उपाध्याला सांगितलंस, परक्या माणसाला. मी बाप हुतो की. मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं हुतं, आप्पा," ती म्हणाली. रागाने नाही, शाळेत उत्तर द्यायची तसं. "तीनदा सांगितलं. ते बघायला आले त्या दिवशी सांगितलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. आन मुंडावळ्या बांधायच्या आधी, तुमी मांडववाल्याशी बोलत हुता, तवा तुमचा हात धरून सांगितलं."

आप्पा फोनकडे बघत राहिले. मी तिथून उठून जायला हवं होतं, पण मला उठता आलं नाही.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "सांगितलं हुतंस."